बदललेली केबिन आणि तीच गाडी

एखाद्या वस्तूचे भाग बदलत गेले तर ती वस्तू तीच राहते काय, आणि राहत असेल तर तिचे 'तेच'पण नेमके कशात असते, हा प्रश्न भारतीय आणि ग्रीक अशा दोन्ही परंपरांत दोन हजार वर्षांहून अधिक काळ चर्चिला गेला आहे. त्या चर्चेत रथ, जहाज, वस्त्र, दिव्याची ज्योत हे दृष्टान्त इतक्यांदा येऊन गेले आहेत की आता त्यांच्याकडे नीट पाहण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही. अमेरिकेच्या थंड प्रदेशांत मात्र याच प्रश्नाचा एक नवा नमुना लोकांच्या घराच्या आवारात घडताना दिसतो. पिकअप ट्रकची गंजलेली केबिन उतरवून तिच्या जागी दुसऱ्या ट्रकची केबिन चढवणे, हा तो नमुना होय. याचा विशेष असा की येथे दृष्टान्ताला खरेदी-विक्री, नोंदणी आणि फौजदारी कायदा चिकटलेला आहे, त्यामुळे 'हे सारे शब्दांचे खेळ' असे म्हणून कोणत्याही पक्षाला सहज निसटता येत नाही.

पिकअप म्हणजे पुढे चालकाची बंद केबिन आणि मागे सामानाचा उघडा हौदा असलेली गाडी. साध्या मोटारीत पत्र्याचे कवच हाच गाडीचा आधार असतो, त्यामुळे कवच आणि आधार वेगळे करता येत नाहीत. पिकअपमध्ये मात्र खाली लांब पोलादी सांगाडा असतो, ज्याला गॅरेजच्या भाषेत चासी म्हणतात, आणि इंजिन, हौदा व केबिन हे तिन्ही त्या चासीवर वेगवेगळे बोल्ट आवळून बसवलेले असतात. मिशिगन, ओहायो, पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्कचा पश्चिम भाग अशा ठिकाणी हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकले जाते. ते खारे पाणी दारांखालच्या पोकळ पट्ट्यांत, केबिनच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांत आणि केबिन जेथे रबरी गाद्यांवर टेकते त्या जागी साचून राहते, आणि वाळवीने आतून पोखरलेल्या चौकटीप्रमाणे पत्रा आतून खाऊन टाकते. बाहेरच्या रंगाला फोड दिसेपर्यंत आतला पत्रा बहुधा संपलेला असतो. इंजिन आणि गिअरबॉक्स धडधाकट, पण माणूस बसतो ती खोली मोडकळीस आलेली, अशी अवस्था झाली की मालक टेक्सास किंवा ॲरिझोनासारख्या कोरड्या प्रदेशातून आलेल्या एखाद्या निकामी ट्रकची निरोगी केबिन विकत घेतो.

केबिन उतरवण्याचे काम पाहिले म्हणजे एक गाडी किती प्रकारच्या बंधनांनी 'एक' झालेली असते हे ध्यानात येते. बॅटरी सोडवावी लागते; इंजिन थंड ठेवणारे पाणी काढून हीटरकडे जाणाऱ्या नळ्या उपटाव्या लागतात; वातानुकूलनाचा वायू हवेत सोडून देण्यास तेथे कायद्याने मनाई असल्यामुळे तो यंत्राने ओढून घ्यावा लागतो; ब्रेकच्या मुख्य सिलिंडरकडून खाली उतरणाऱ्या नळ्या, हातब्रेकची तार, गिअरची तार आणि विजेच्या तारांचे जाड जुडगे एकेक करून सुटे करावे लागते. स्टीअरिंगचा दांडा सोडवण्यापूर्वी चाक सरळ करून बांधून ठेवतात, कारण ते मोकळे फिरले तर एअरबॅगला वीज पोहोचवणारी, चाकामागे गुंडाळलेली नाजूक पट्टी तुटते. मग उरतात ते केबिनला चासीशी जखडणारे मोठे बोल्ट, आणि खरी कसोटी बहुधा तेथेच लागते. बोल्टाचे नट केबिनच्या पत्र्यात कोंडलेले असतात, गंजामुळे त्यांची पकड सुटते, आणि खालून पाना फिरवला की वर नटही बोल्टाबरोबर फिरत राहतो, निघत मात्र काहीच नाही. अशा वेळी केबिनमधला गालिचा उचलून फरशीचा पत्रा कापणे आणि वरून नट धरणे एवढाच उपाय उरतो. दोन्ही दारांच्या पोकळीतून जाड चौकोनी लाकडे आरपार घालून, त्यांना साखळ्या लावून केबिन उचलली जाते. ती चार बोटे वर येते आणि थबकते, कारण इंजिनाच्या मागे दडलेली, केबिन आणि इंजिन यांच्यात विजेचा परतीचा मार्ग पुरा करणारी एखादी विणलेली तार सोडवायची राहून गेलेली असते, आणि केबिनबरोबर आता खालचा सांगाडाही किंचित उचलला जाऊ लागतो.

या शेवटच्या क्षणाला न्यायदर्शनात नेमके स्थान आहे. नैयायिकांच्या मते 'अवयवी' म्हणजे अनेक भागांनी बनलेली अखंड वस्तू ही तिच्या भागांच्या बेरजेहून वेगळी, स्वतंत्रपणे खरी असते, आणि ती आपल्या अवयवांत 'समवाय' नावाच्या अतूट संबंधाने राहते. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात अवयवीच्या बाजूने जे युक्तिवाद येतात त्यांपैकी एक 'धारण' आणि 'आकर्षण' यांवर उभा आहे: वस्तूचा एक भाग धरला किंवा ओढला तर सगळी वस्तू धरली जाते, ओढली जाते, तेथे नुसता परमाणूंचा ढीग असता तर असे झाले नसते. चार बोटे उचललेली केबिन तारेच्या एका धाग्याने चासीलाही ओढू लागते, तोवर या कसोटीने ट्रक एकच आहे, आणि तार कापली की तो दोन होतो. परंतु न्यायसूत्रांवरील वात्स्यायनाच्या भाष्यातच या युक्तिवादावर शंका घेतलेली आहे: लाखेने चिकटवलेले गवत, दगड आणि लाकूड यांपैकी एक ओढले तर बाकीचेही ओढले जातात, म्हणून काय गवत, दगड आणि लाकूड मिळून एक नवे द्रव्य तयार झाले असे म्हणायचे? बोल्टांनी जखडलेला ट्रक या प्रश्नाच्या ऐन मध्यावर उभा आहे. त्याचे अवयव लाखेपेक्षा पुष्कळ घट्ट, पण झाडाच्या फांदीपेक्षा पुष्कळ सैल जोडलेले आहेत, आणि सोडवता यावेत अशाच हेतूने ते जोडलेले आहेत.

न्याय-वैशेषिकांनी अवयवीला खरे मानले, पण त्याची किंमतही त्यांनी पुरेपूर मोजली, आणि हा त्यांचा प्रामाणिकपणा आधुनिक वाचकाच्या नजरेतून सहसा निसटतो. वस्त्रातून एक धागा जरी काढला तरी आधीचे वस्त्र नष्ट होते आणि उरलेल्या धाग्यांपासून 'खंडपट' नावाचे नवे वस्त्र उत्पन्न होते, असे त्यांचे मत आहे. कारण अवयवी हा ठराविक अवयवांत राहणारा असल्याने अवयव बदलला की तो तो राहूच शकत नाही. आपल्याला 'हे तेच वस्त्र' असे जे वाटते, ज्याला 'प्रत्यभिज्ञा' म्हणजे पूर्वी पाहिलेल्याची पुन्हा ओळख पटणे म्हणतात, ते अशा ठिकाणी केवळ सादृश्यामुळे होते. हे मत स्वीकारले तर केबिन बदलण्याची वाट पाहण्याचे कारणच उरत नाही. मालकाने पहिल्या वर्षी वायपरची पट्टी बदलली त्याच दिवशी त्याचा मूळ ट्रक संपला. जो सिद्धान्त वस्तूला सर्वाधिक खरी मानतो त्याच सिद्धान्तात ती सर्वाधिक अल्पायुषी ठरावी, हा योगायोग नाही. खरेपण भागांत इतके घट्ट रोवले की भागांच्या बदलाला जागा उरत नाही.

ग्रीक परंपरेने दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली. ग्रीक चरित्रकार प्लूटार्कने पुराणकथांतील वीर थीसियसच्या चरित्रात सांगितले आहे की थीसियसचे तीस वल्ह्यांचे जहाज अथेन्सवासीयांनी फलेरॉनच्या डिमिट्रिअसच्या काळापर्यंत, म्हणजे इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या अखेरीपर्यंत, जपले, कुजलेल्या फळ्या काढून तेथे नव्या घालत गेले, आणि ते तेच जहाज आहे की नाही यावर तत्त्वज्ञांत दोन पक्ष पडले. १६५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या लॅटिन ग्रंथात इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्ज याने त्यात एक पेच घातला: काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्याच क्रमाने जोडून दुसरे जहाज उभे केले, तर दोहोंपैकी थीसियसचे कोणते? हॉब्जच्या काळी ही कल्पना होती. अमेरिकेतील पिकअपच्या बाबतीत ती नित्याची शक्यता आहे, कारण एका ट्रकची केबिन निकामी आणि दुसऱ्याची चासी निकामी असे दोन ट्रक एकाच आवारात शेजारी शेजारी उभे असतात, आणि सुट्या झालेल्या दुसऱ्या जोडीला कोणी पुन्हा एकत्र बसवणारच नाही असे काही नसते.

चासीही बदलली जाते, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. टोयोटा कंपनीच्या टॅकोमा, टुंड्रा आणि सेकोया या गाड्यांच्या काही वर्षांच्या चासी अकाली गंजल्याबद्दल अमेरिकेत सामूहिक दावा झाला, आणि २०१६ मध्ये जी तडजोड पुढे आली तिच्यात सुमारे १५ लाख गाड्या येत होत्या. ज्यांची चासी ठराविक प्रमाणापेक्षा गंजलेली आढळेल त्यांना नवी चासी बसवून देण्याची त्यात सोय होती. केबिन, इंजिन, हौदा उचलून नव्या सांगाड्यावर ठेवले गेले, आणि आपली गाडी वेगळी झाली असे कोणाही मालकाला, विमा कंपनीला किंवा नोंदणी कार्यालयाला वाटले नाही. म्हणजे केबिन तीच ठेवून चासी बदलली तर गाडी तीच, आणि चासी तीच ठेवून केबिन बदलली तरीही मालकाच्या लेखी गाडी तीच. हे दोन्ही निर्णय पाठोपाठ एकाच ट्रकवर लागू केले की मूळचा एकही मोठा भाग न राहिलेली गाडी 'तीच' म्हणून उभी राहते, आणि सोडून दिलेले दोन भाग मिळून दुसरी 'तीच' गाडी उभी करता येते.

येथे कायदा मध्ये पडतो. १९८१ पासून अमेरिकेत प्रत्येक गाडीला १७ अक्षर-अंकांचा एक ओळख-क्रमांक असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरत नाहीत, कारण ती १ आणि ० या अंकांशी गफलत करतात. नववे स्थान हे इतर स्थानांवरून गणिताने काढलेला ताळ्याचा अंक असते, म्हणजे मनाला येईल तो क्रमांक लिहिला तर तो बहुधा तपासणीतच पकडला जातो. हा क्रमांक कोरलेली पट्टी डॅशबोर्डच्या डाव्या टोकाला, समोरच्या काचेतून बाहेरून वाचता येईल अशी रिव्हेट ठोकून बसवलेली असते. डॅशबोर्ड केबिनमध्ये असतो. त्यामुळे केबिन गेली की पट्टीही जाते, आणि नव्या केबिनबरोबर दुसऱ्या ट्रकची पट्टी येते. पण बहुतेक पिकअपच्या चासीवरही तोच क्रमांक किंवा त्याचा काही भाग ठोकलेला असतो, तो मात्र खाली मातीत आणि गंजात जागच्या जागी राहतो. काम संपल्यावर आवारात जी गाडी उभी राहते ती वरून एक नाव सांगते आणि खालून दुसरे. केंद्रीय फौजदारी कायद्याच्या कलम ५११ नुसार असा क्रमांक जाणूनबुजून काढणे किंवा बदलणे हा पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. दुरुस्तीसाठी ते वाजवीपणे आवश्यक असेल तर त्याला अपवाद आहे, आणि क्रमांक पुन्हा बसवायचा तर तो त्या त्या राज्याच्या कायद्याप्रमाणेच बसवला पाहिजे. अनेक राज्यांत अशा गाडीला 'पुनर्रचित' ठरवून तपासणीनंतर राज्याकडून वेगळा क्रमांक दिला जातो. या राज्यांच्या कायद्यांत 'आवश्यक भाग' याची जी व्याख्या आढळते ती तत्त्वज्ञाने आवर्जून वाचावी अशी आहे: जो भाग काढल्याने किंवा बदलल्याने गाडीची ओळख लपण्याचा संभव असतो, तो आवश्यक भाग. ॲरिस्टॉटलला 'सार' म्हणजे वस्तूला ती वस्तू करणारे अंतरंग शोधायचे होते. कायद्याला फक्त कशाने फसवणूक होईल एवढेच शोधायचे आहे, आणि तो तेवढ्यावर भागवतो.

गाडीची स्मृतीही केबिनमध्येच असते. किती मैल चालली याची नोंद समोरच्या मीटरमध्ये असते, म्हणून केबिनबरोबर दुसऱ्या गाडीचे मैल येतात. १९७२ पासूनच्या केंद्रीय कायद्याने मैलांची नोंद फसवणुकीसाठी बदलण्यास मनाई आहे, आणि मीटर दुरुस्त किंवा बदलताना जुना आकडा राखता येत नसेल तर तो शून्यावर आणून आधीचा आकडा व तारीख लिहिलेली सूचना डाव्या दाराच्या चौकटीवर लावावी लागते. ती चौकटही केबिनचाच भाग असल्यामुळे पुढच्या वेळी केबिन बदलली की ही सूचनाही तिच्याबरोबर निघून जाणार, याचा विचार कायदा करणाऱ्यांनी केला असावा असे दिसत नाही. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने मानवी आकलनावरील आपल्या निबंधाच्या १६९४ च्या आवृत्तीत व्यक्तीची एकता स्मृतीच्या सलगपणात ठेवली आणि राजपुत्राची जाणीव चांभाराच्या देहात गेली तर काय, असा प्रश्न विचारला. त्या निकषाने पाहिले तर येथे चासीने नवी केबिन घेतलेली नसून केबिनने नवी चासी घेतली आहे. इंजिनाचे संगणक-यंत्र मात्र हे मुकाट्याने मानत नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून काही वर्षे जनरल मोटर्सच्या अनेक गाड्यांत चोरी-प्रतिबंधक यंत्रणा अशी होती की नव्या केबिनमधील किल्लीच्या कुलपाची ओळख पटली नाही तर इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडते. मग किल्ली फिरवून सुमारे १० मिनिटे तशीच ठेवायची, असे तीनदा करायचे, की इंजिन त्या कुलपाला आपले मानते. नैयायिकांनी प्रत्यभिज्ञेवर एवढा वाद घातला. येथे ती अर्ध्या तासात घडवून आणता येते.

या साऱ्यातून बौद्धांचा पक्ष बळकट होतो असे सकृद्दर्शनी वाटेल. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात इंडो-ग्रीक राजा मिनँडर, म्हणजे मिलिंद, आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आहे. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, डॉ. आंबेडकरांनी उभारलेल्या महाविद्यालयाला मिलिंद आणि त्याच्या परिसराला नागसेनवन हे नाव याच संवादावरून मिळाले, त्यामुळे मराठी वाचकाला ही नावे परकी नाहीत. नागसेन राजाला विचारतो की तुझा रथ म्हणजे आस काय, चाके काय, सांगाडा काय, जू काय, की या सर्वांचा ढीग; प्रत्येकाला राजा नाही म्हणतो, आणि शेवटी मान्य करतो की या भागांच्या आधाराने 'रथ' ही संज्ञा, हा व्यवहार प्रवृत्त होतो. तसाच, नागसेन म्हणतो, 'नागसेन' हाही. सातव्या शतकात बौद्ध तत्त्वज्ञ चंद्रकीर्तीने हेच विश्लेषण सात पर्यायांत विस्तारले: रथ आपल्या भागांशी एकरूप नाही, भागांहून वेगळा नाही, भागांच्या आत नाही, भाग त्याच्या आत नाहीत, भाग त्याच्या मालकीचे नाहीत, तो भागांचा समूह नाही, आणि भागांचा आकारही नाही. आवारात उभ्या असलेल्या दुनावी ट्रकला हे सातही प्रश्न विचारून पाहिले तर प्रत्येकाचे उत्तर 'नाही' असेच येते.

पण मग एक अडचण उभी राहते. ट्रक ही केवळ संज्ञा असेल, लोकांनी सोयीसाठी लावलेले नाव असेल, तर जुन्या केबिनची पट्टी उपटून नव्या केबिनवर गुपचूप ठोकणारा माणूस खोटे कशाबद्दल बोलतो? ज्याला स्वतःचे असे स्वरूपच नाही त्याच्याविषयी खोटे बोलणे शक्य कसे होते? चोरीचे ट्रक विकणाऱ्यांची पद्धत हीच असते: निकामी ट्रक विकत घ्यायचा, त्याची पट्टी आणि कागद चोरलेल्या ट्रकला लावायचे, आणि 'तीच' गाडी दुरुस्त झाली असे सांगायचे. हे खोटे आहे याबद्दल कोणाच्याही मनात शंका नसते, आणि नागसेनालाही ती नसती. म्हणजे व्यवहारालाही आपले खरे आणि आपले खोटे असते. चंद्रकीर्तीने हे ओळखले होते; संवृती म्हणजे लोकव्यवहारातील सत्य, आणि तिच्यातही जगाच्या कसोटीवर खरी ठरणारी आणि जगाच्याच कसोटीवर खोटी ठरणारी अशा दोन बाजू तो मानतो. तथापि मृगजळ किंवा डोळ्यांच्या दोषामुळे दिसणारे केस असे जे दृष्टान्त तो देतो त्यांत इंद्रियांची चूक आहे, माणसाने जाणून केलेली फसवणूक नाही, आणि ट्रकच्या प्रश्नाला तेवढे पुरत नाही.

पुरेसे उत्तर 'मिलिंदपञ्ह'मध्येच दुसरीकडे आहे, आणि रथाच्या प्रसिद्धीमुळे ते मागे पडले आहे. एकजण दुसऱ्याचे आंबे चोरतो आणि पकडला गेल्यावर म्हणतो की याने लावलेले आंबे निराळे आणि मी घेतलेले निराळे, म्हणून माझा अपराध नाही. राजा स्वतःच कबूल करतो की तो तरीही दंडनीय आहे, कारण चोरलेले आंबे लावलेल्या आंब्यांपासूनच झालेले आहेत. येथे 'तेच आंबे' असा दावा कोणी करत नाही. दावा एवढाच आहे की एकापासून दुसऱ्यापर्यंत कारणांची साखळी आहे आणि चोर ती नाकारू शकत नाही. ट्रकच्या पट्टीचे काम हेच आहे. ती ट्रकचे सार दाखवत नाही. कारखान्यापासून आजच्या आवारापर्यंत कोणते पोलाद कोणाकडून कोणाकडे गेले, कोणी त्यावर कर्ज काढले, कोणता अपघात कोणाच्या हातून झाला, त्या साखळीचे एक टोक ती लोकांच्या हाती देते. पट्टी गुपचूप हलवणारा 'ही तीच गाडी' या वाक्याबद्दल खोटे बोलत नाही, कारण ते वाक्य अंतिम अर्थाने खरेही नाही आणि खोटेही नाही. तो साखळी खोटी लिहितो. ज्याने केबिन बदलली आणि कार्यालयात जाऊन दोन्ही क्रमांक दाखवले, त्याच्या गाडीचे भाग चोरट्याच्या गाडीइतकेच मिश्र असतात, पण त्याची साखळी खरी असते. या अर्थाने व्यवहारसत्य परमार्थाहून, म्हणजे अंतिम सत्याहून, खालचे असले तरी परमार्थाइतकेच कठोर आहे, असे म्हणण्यास हरकत नसावी.

भारतात ही साखळी चासीला बांधलेली आहे. आपल्याकडे ट्रकच्या ओळखीचा आधार चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक हाच धरला जातो; नोंदणीच्या वेळी चासीवरच्या क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासून त्याचा ठसा घेण्याची रीत सर्वांच्या परिचयाची आहे, आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीपत्रातील तपशिलांशी विसंगत होईल असा बदल करण्यावर बंधन घालते. कित्येक दशके येथे ट्रक नुसत्या चासीच्या रूपात विकला जात असे आणि केबिन व हौदा बॉडी-बिल्डरच्या कारखान्यात लाकूड-पत्र्याने उभारले जात. केबिनीविना, उघड्यावर बसून नवी चासी शेकडो मैल हाकत नेणारे चालक महामार्गांवर सर्रास दिसत. अशा देशात केबिन बदलल्याने ओळखीचा प्रश्न फारसा उठत नाही, आणि चासी बदलणे मात्र जवळजवळ नवा जन्म ठरतो. तोच पदार्थ, तेच बोल्ट, पण 'तेच'पण एका देशात डोक्याशी आणि दुसऱ्यात कण्याशी बांधलेले. यावरून ते पदार्थात नाही हे नागसेनाचे म्हणणे चांगलेच ठसते.

मीमांसकांनी बदलाचा हा विचार यज्ञाच्या अंगाने केला, आणि त्यांची मांडणी येथे उपयोगी पडते. विहित द्रव्य मिळाले नाही तर त्याच्या जागी घेतलेल्या दुसऱ्या द्रव्याला 'प्रतिनिधी' म्हणतात. व्रीही म्हणजे भात नसेल तर नीवार म्हणजे रानभात चालतो, कर्म तेच राहते. पण जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे की देवता, अग्नी, मंत्र आणि क्रिया यांना प्रतिनिधी नाही, आणि यजमानालाही नाही, कारण फळ त्याला मिळायचे असते. म्हणजे काय बदलता येईल हे द्रव्याच्या मोठेपणावर अवलंबून नाही. कर्माचे फळ ज्याच्यापाशी पोहोचायचे तो बदलता येत नाही. ट्रकच्या बाबतीत ते स्थान मालकाचे आहे. कर, दंड, नुकसानभरपाई हे सारे त्याच्यापाशी पोहोचते, आणि साखळी शेवटी त्याच्यासाठीच राखायची असते. कठोपनिषदाने शरीराला रथ आणि आत्म्याला रथी म्हटले तेव्हा हाच भेद निराळ्या शब्दांत आला होता.

साखळी दुभंगते तेव्हा काय करायचे, हा हॉब्जचा प्रश्न मात्र कारणांच्या साखळीने सुटत नाही, कारण दोन्ही जहाजांपर्यंत साखळी सारखीच पोहोचते. पुरीच्या जगन्नाथ मंदिरातील नवकलेवराच्या विधीत याचे एक उत्तर दिसते. ज्या वर्षी आषाढ अधिक येतो अशा काही वर्षी, अलीकडे १९९६ मध्ये आणि त्यानंतर २०१५ मध्ये, तेथील कडुनिंबाच्या लाकडाच्या मूर्ती बदलून नव्या घडवल्या जातात. डोळे आणि हात वस्त्राने बांधलेले दैतापती सेवक जुन्या मूर्तीतील 'ब्रह्मपदार्थ' नव्या मूर्तीत ठेवतात, आणि जुन्या मूर्ती मंदिराच्या आवारातील कोइली वैकुंठ या जागी पुरल्या जातात. अमेरिकेतील पट्टी सर्वांना दिसावी म्हणून काचेमागे ठोकलेली असते, तर येथे जे नेले जाते ते नेणाऱ्यालाही दिसू नये अशी काळजी घेतलेली आहे. पण दोन्हीकडे लाकूड किंवा पोलाद यांच्यावर एकता सोडलेली नाही. जुनी मूर्ती पुरली जाते ही गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. तिच्यामुळे दुसरा दावेदार उरत नाही, आणि हॉब्जचा पेच विधीनेच निकालात निघतो. अमेरिकन राज्ये हेच कागदावर करतात: दोन गाड्यांपैकी एकीचे मालकीपत्र 'भंगार' म्हणून परत घेतले जाते, आणि त्या क्षणापासून तिचे उरलेले पोलाद गाडी नसून सुटे भाग ठरते.

मिलिंदाला मुळात रथाबद्दल काही विचारायचे नव्हते, माणसाबद्दल विचारायचे होते. माणसाच्या बाबतीत बौद्ध परंपरा आंब्याचेच उत्तर देते: पुढचा जन्म तोच नाही, वेगळाही नाही, पण कारणांची साखळी अखंड आहे आणि म्हणून कर्माचे फळ चुकत नाही. या उत्तरात एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली आहे, ती अशी की एका प्रवाहातून पुढे एकच प्रवाह निघतो. दोन निघाले तर कोणाचे कर्म कोणी भोगायचे हे सांगण्यासाठी एखाद्या कार्यालयाची किंवा विधीची गरज पडेल, आणि कर्मसिद्धान्ताला तर असे कोणतेही कार्यालय मान्य नाही. प्रवाह दुभंगत नाही याचे कारण काय, हे बौद्धांना वेगळ्याने सिद्ध करावे लागते. रथाच्या दृष्टान्तातून ते मिळत नाही, कारण रथाची केबिन आणि चासी बोल्ट सुटले की केव्हाही वेगवेगळ्या आवारांत जाऊ शकतात.